शम्साची चौथी फेरी

रुसैलच्या कारखान्यांच्या वसाहतीत आमचं शीतगृह होतं आणि तिथं बर्फ पडू न देणं हे माझं काम होतं. ओमानमध्ये ही बाई कुठला बर्फ थांबवत होती, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण पडायचा, दर उन्हाळ्यात पडायचा. बाहेर जूनचा दमट उकाडा आणि आत उणे वीस. हमालांनी दार जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की समुद्राकडची ओली हवा आत घुसायची, छताजवळ धुकं व्हायचं आणि त्यातून पांढरा भुगा हलकेच खाली यायचा, कोंबड्यांच्या खोक्यांवर, आइस्क्रीमच्या डब्यांवर, आमच्या टोप्यांवर. दिसायला इतकं सुंदर की नवीन आलेली पोरं मान वर करून बघत राहायची आणि मी ओरडायची, "दरवाजा!"

कारण हा बर्फ आमचा वैरी. खोली गार करणाऱ्या नळ्यांवर तो चढला की पंख्याची हवा अडते आणि खोली तापायला लागते. म्हणजे बर्फ वाढला की गारवा कमी होतो, असा उलटा हिशेब आहे सगळा. मग त्या नळ्या मुद्दाम गरम करून बर्फ उतरवायचा. माझी उभी नोकरी बर्फ वितळवण्यात गेली. घरी, सीब गावात, नवरा फ्रीज उघडून विचार करत उभा राहिला तरी माझ्या तोंडून तेच 'दरवाजा!' निघायचं. मुलाला शाळेत कुणी विचारलं तर तो सांगायचा, "माझी आई फ्रीझरला बघते." त्याचं मराठी तेवढंच, पण चुकीचं म्हणता येणार नाही.

मी मूळची नागपूरची, त्यामुळे उन्हाचं मला कधी कौतुक वाटलं नाही आणि भीतीही वाटली नाही. वडिलांनी हट्टानं इंजिनियर केलं, लग्न होऊन इकडे आले आणि शीतगृहात चिकटले. या धंद्यात नाव मिळवायचं म्हणजे काय, ते सांगते. शीतगृहात ठेवलेली वस्तू कधी सुधारत नाही. दिली होती तशीच परत मिळाली, की आम्ही जिंकलो. गिऱ्हाईक माल उघडून बघतं, काही न बोलता मान हलवतं आणि निघून जातं. त्या मान हलवण्यासाठी आम्ही रात्रंदिवस राबतो. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. आयुष्यभर कशातही काही बदल होऊ नये म्हणून धडपडत राहणं हे जरा विचित्र काम आहे, हे मात्र फार उशिरा कळलं.

आमच्या गिऱ्हाइकांत उम्म खालिद ही सगळ्यांत वेगळी. म्हणजे खालिदची आई. तिच्या इब्री गावाकडे खजुराच्या बागा होत्या आणि फर्द जातीचा काळपट खजूर ती आमच्याकडे ठेवायची. इतर व्यापारी माणसं पाठवायचे. ही स्वतः यायची, काळ्या पायघोळ अबायात, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, आणि थंडीतल्या जाड कोटाला नको म्हणून सरळ आत शिरायला बघायची. बाहेर काढलेला पहिला खजूर ती फोडायची, अर्धा स्वतः खायची, अर्धा माझ्या हातावर ठेवायची. जुन्या व्यापाऱ्यांसारखी छान हिंदी बोलायची. मला नावानं कधी हाक मारली नाही, नेहमी 'मुहंदिसा', म्हणजे इंजिनियरीणबाई.

"जैसा दिया था, वैसा ही है, मुहंदिसा," एवढंच म्हणायची. माझ्या नोकरीत मला मिळालेलं सगळ्यांत मोठं प्रशस्तिपत्र तेच.

थंडीचा एक स्वभाव बाहेरच्यांना माहीत नसतो. ती आधी बोचते, मग दुखवते आणि त्यानंतर लाडात येते. अंग हलकं वाटतं, झोप येते आणि झोपेत गोड स्वप्नं पडतात. माणूस जातो तो तेव्हा. म्हणून आमच्याकडे नियम होता: कुणी आत गेलं की बाहेरच्यानं मधूनमधून दारावर पाना ठोकून हाक मारायची आणि आतल्यानं ओरडून सांगायचं, "हाजिर!" मल्याळी असो, बंगाली असो, ओमानी असो, शब्द हाच. उत्तर आलं नाही तर विचार करत बसायचं नाही. दार उघडायचं, आत जायचं आणि माणसाला ओढून बाहेर आणायचं.

हे मला शिकवलं रफीकभाईनं. हा आमचा मुकादम, रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावातला. एकदा त्यालाच मारलेल्या हाकेला उत्तर आलं नाही. आत जाऊन बघते तर गडी मासळीच्या खोक्यांमागे भिंतीला टेकून बसलेला, हातातला खोका गळून पडलेला, डोळे अर्धे मिटलेले आणि ओठांवर लहान मुलासारखं हसू. दोघांनी धरून बाहेर आणला, उन्हात ठेवला, गरम चहा पाजला. शुद्धीवर येऊन माझ्यावरच रुसला.

"कशाला उठवलंव मॅडम? आय भाकरी थापीत व्हती. तव्यावरची पयली माझीच व्हती."

आम्ही सगळे हसलो, तोही हसला. पण ते हसू मी पुढे कधी विसरले नाही. कुणाच्याही चेहऱ्यावर थंडीत तसं हसू दिसलं की मी त्याला आधी बाहेर काढायची.

आणि एके दिवशी उम्म खालिदच्या मागोमाग तिची मुलगी आत आली. शम्सा. तिशीच्या आतबाहेरची, सरकारी कचेरीत नकाशांचं काम करणारी. शिकायला कुठल्याशा थंड देशात गेली होती, तिथं बर्फावरच्या लांब पट्ट्यांवर चालायला शिकली आणि परत येऊनही ते वेड काही गेलं नाही. बर्फ नाही तर नाही, चाकं लावलेल्या पट्ट्या मागवल्या आणि भल्या सकाळी सीबच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, दोन हातांत दोन काठ्या घेऊन, ती घसरत जायची. फिरायला निघालेले आमच्याकडचे लोक थांबून बघायचे. मीही कधीतरी पाहिलं होतं तिला. समुद्रावरून वाफ उठतेय, बांगडे विकणारे टेम्पो लागतायत आणि मधूनच ही कुणाकडे न बघता लांब लांब पावलं टाकत निघून जातेय. स्वप्नात काहीतरी दिसावं तसं वाटलं होतं मला, पण मी कामाच्या घाईत होते.

माझ्याकडचं तिचं काम सरळ होतं. एका आंतरराष्ट्रीय हिवाळी स्पर्धेत लांब अंतराच्या स्कीच्या शर्यतीत तिला जागा मिळाली होती. थंड, कोरडी हवा छातीत घ्यायची सवय करायची होती. ओमानमध्ये तशी हवा फक्त माझ्याकडे होती.

"खाला, मला तुमच्या खोलीत रोज थोडा वेळ उभं राहू द्याल?" तिनं विचारलं. आम्ही आपसांत इंग्रजीत बोलायचो, पण मावशी म्हणायची ती खालाच.

मी मालकाला, आमच्या अर्बाबला, विचारलं. अर्बाब हसून म्हणाला, "खजूर ठेवतेस, तशी तिलाही ठेव."

मग ती कामावरून सुटली की यायची. खोक्यांमधल्या गल्लीत दोरी ताणून दोन्ही हातांनी ओढत राहायची, जागच्या जागी पाय मागे टाकायची. मी बाहेरून पाना ठोकायची, "शम्सा!" आतून यायचं, "हाजिर!" रफीकभाई कपाळाला हात लावायचा. "मॅडम, लोक हितून बाहेर पडायला धडपडतात. ही पोर घुसायला बघतेय. येडी हाय काय?" आणि तोच तिच्यासाठी कोटाच्या बाह्या आधी उन्हात गरम करून ठेवायचा.

जायची वेळ आली तेव्हा उम्म खालिद आडवी आली. मुलीनं एकटीनं एवढ्या लांब, एवढ्या थंडीत जायचं नाही. भाऊ बरोबर येऊ शकत नव्हता. शम्सा दोन दिवस जेवली नाही म्हणतात. मग म्हातारी शीतगृहात आली, खजूर बघायला नव्हे, सरळ माझ्या टेबलापाशी.

"मुहंदिसा, तू साथ जा. तू ठंड को जानती है," ती म्हणाली. आणि निघताना, "जैसी देती हूँ, वैसी वापस लाना."

नाही म्हणायला माझ्याकडे कारणच नव्हतं. आयुष्यभर मी हेच तर केलं होतं.

*

खरा बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो विमानतळाच्या दारातून. जिकडेतिकडे पांढरं आणि दार आपोआप उघडबंद होत होतं. लाजायला हवं, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हे दार कुणीतरी नीट बंद करा.

मग बाहेर पडले. आमच्या बर्फाला मासळीचा वास असतो, पंख्याची घरघर असते. इथं कसलाही वास नव्हता. आवाज खाली पडून विरून जात होते. झाडं पांढरी, घरांची छपरं पांढरी, आकाशही तसंच, त्यामुळे जमीन कुठं संपते ते कळत नव्हतं. मी हातमोजा काढून बर्फ उचलला. तो कोरडा होता, चिमटीत धरला तर कुरकुर वाजायचा. याच्याशी मी इतकी वर्षं भांडले होते आणि याला भेटले मात्र आज. मला एकाएकी फार वाईट वाटलं, का ते सांगता येणार नाही.

ही शर्यत डोंगरावरून खाली घसरायची नव्हे. तिच्यात चढ असतात, उतार असतात, सपाटी असते आणि सगळं आपल्या हातापायांच्या जोरावर. पायांत लांब, अरुंद पट्ट्या, हातांत काठ्या. खेळाडू एकामागून एक सोडतात आणि जंगलातल्या वाटेच्या तीन फेऱ्या पूर्ण करायच्या. तिसऱ्या फेरीच्या तोंडाशी ठरलेल्या वेळेला वाट अडवायला आडवी दोरी ओढतात. त्यानंतर येणाऱ्याला घरी पाठवतात आणि निकालात नावापुढे 'पूर्ण केली नाही' एवढंच लिहिलं जातं. मैदानात एकदा पारा पाहिला, तर जवळजवळ आमच्या खोलीइतकाच.

"तुला कितवं यायचंय?" मी आदल्या दिवशी विचारलं होतं. आम्ही खोलीत बसून तिच्या आईनं दिलेला खजूर खात होतो.

"शेवटी," ती म्हणाली. "बाकीच्या चालायला लागल्यापासून बर्फात आहेत, खाला. त्यांना मी गाठणार आहे का? मला शेवटी यायचंय, पण यायचंय. अर्ध्यातून उचललं तर घरी सगळे प्रेमानं म्हणतील, झाली ना हौस, खलास. मग मी परत कधीच निघू शकणार नाही."

मी मनात त्रिशरण म्हटलं. दुसरं काय करणार होते.

शर्यतीच्या सकाळी हलका बर्फ पडत होता. शम्सानं डोक्याला घट्ट बसणारी काळी टोपी आणि तिच्यावर लाल लोकरी टोपी घातली होती, अंगावर सैलसर जर्सी. मी चढाच्या वळणावर वाटेच्या कडेला बांधलेल्या दोरीला लागून उभी राहिले. बायका आल्या आणि गेल्या. काय त्यांची चाल! पाय जमिनीला लागतच नव्हते जणू. लोक घंटा वाजवत होते. बऱ्याच वेळानं लाल टोपी दिसली. चढावर तिची पावलं आखूड पडत होती, पण लय धरलेली होती.

"शम्सा!" मी सवयीनं ओरडले.

"हाजिर!" तिनं मान न वळवता उत्तर दिलं. शेजारचे लोक माझ्याकडे बघून हसले. मी पण हसले.

ती दुसऱ्या फेरीत असताना लांबून कर्ण्यावर विजेतीचं नाव पुकारलं गेलं. लोक तिकडे धावले आणि माझ्या वळणावर मी, एक वॉकीटॉकीवाली अधिकारी बाई आणि पडणारा बर्फ, एवढेच उरलो. तेवढ्यात फोन वाजला. सीबहून उम्म खालिद.

"टीव्ही पर नहीं दिख रही. मेरी बेटी कहाँ है?"

"रास्ते में है," मी म्हटलं आणि तेवढ्यात ती झाडांमधून आली, म्हणून फोन खिशात टाकला.

"शम्सा!"

उत्तर आलं नाही.

ती जवळ आली तशी मी पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. काही नाही. भुवयांवर पांढरं साचलेलं, डोळे कुठंतरी लांब लागलेले आणि ओठांवर हसू. रफीकभाईचं हसू. माझ्या शरीराला एकच गोष्ट ठाऊक होती: उत्तर नाही, म्हणजे दार उघड, आत जा, ओढून काढ. मी दोरीखाली वाकले सुद्धा.

अधिकारी बाईनं माझा चेहरा पाहिला आणि शम्साकडेही पाहिलं. "ही तुमची खेळाडू का?" तिनं इंग्रजीत विचारलं. "बरी आहे ना ती? तुम्ही म्हणत असाल तर मी आत्ता थांबवते. दोरी ओढायला तसाही थोडाच वेळ उरला आहे."

म्हणजे एक शब्द पुरेसा होता. तो माझ्या जिभेवर आला होता. म्हातारीचा आवाजही कानात होता. त्या एका क्षणी मला सगळं शीतगृह आठवलं असेल, पण पाहिले मी फक्त तिचे हात. रफीकभाईच्या हातांतून खोका आधी गळाला होता, डोळे मागाहून मिटले होते. थंडी सगळ्यांत आधी हातांतलं बळ काढून घेते. शम्साच्या मुठी काठ्यांवर पक्क्या होत्या. काठी टेकत होती, मागे जात होती, पुन्हा पुढे येत होती, चुकत नव्हती.

"ठीक आहे ती," मी म्हटलं. "जाऊ द्या तिला."

ती गेली. दोरी ओढायच्या आत तिसऱ्या फेरीच्या वाटेला लागून वळणापलीकडे नाहीशी झाली. मी चुकले असले तर? हसू खरंच तसलं असलं तर? जंगलात कुणी नव्हतं, ठोकायला दार नव्हतं. बर्फ दाट झाला. मी शेवटच्या रेषेपाशी जाऊन थांबले. जाहिरातींचे फलक उतरवायला सुरुवात झाली होती. एक माणूस फावड्यानं वाट मोकळी करत होता. इतकी घाबरले होते मी, की स्वतःशी नागपुरी शिव्या देत होते, आणि त्यांतल्या निम्म्या स्वतःलाच.

मग त्या पांढऱ्यात एक लाल ठिपका आला. तो हलत होता. फावडंवाला माणूस थांबला, त्यानं फावडं बर्फात खोचलं आणि टाळ्या वाजवायला लागला. आणि शम्सा रेषेवरून पुढे गेली, शेवटची, सगळ्यांत शेवटची, आणि गुडघ्यांवर बसली.

मी तिला जाऊन मिठीच मारली. अंग गरम होतं, घामानं भिजलेलं. मी रडतही होते आणि रागावतही होते. "हाका ऐकू येत नव्हत्या का तुला? उत्तर का नाही दिलंस?"

ती वर बघून हसली. तेच हसू होतं.

"ऐकू येत होत्या, खाला. दोन्ही ऐकल्या," ती म्हणाली. "पण तिथं इतकं शांत होतं ना... उत्तर दिलं असतं तर मी बाहेर आले असते."

थंडीत माणूस सुखीही असू शकतो, हे माझ्या धंद्यात मला कुणी शिकवलंच नव्हतं.

ती उठली. काठ्या झटकल्या. जंगलाकडे बघत राहिली. उद्या आमचं परतीचं विमान होतं आणि पुढे पुन्हा सीबचा रस्ता, चाकं आणि वाफ.

"अजून एक फेरी मारू?" तिनं हळूच विचारलं. "आता कुणी मोजत नाहीये."

मी फावडंवाल्याकडे पाहिलं. त्याला भाषा कळली नसावी, पण बाकी सगळं कळलं. त्यानं घड्याळाकडे बघून खांदे उडवले आणि वाटेकडे हात केला. ती निघाली. या वेळी घाई नव्हती. लांब लांब पावलं टाकत, कधी एका अंगावर झुकत, कधी दुसऱ्या, ती झाडांत शिरली आणि बर्फानं तिच्यामागे वाट पुसून टाकली.

फोन वाजला.

"हो गया? खालिद ने बताया, नाम आ गया उसका," उम्म खालिदचा आवाज भरून आला होता. "फोन दो उसको."

"अभी यहाँ नहीं है. फिर अंदर गई है."

"अंदर? ठंड में? अकेली?"

"हाँ. अकेली."

म्हातारी म्हणाली, "आवाज़ दो उसको, मुहंदिसा. बुला लो."

माल कधी उचलणार असं मी विचारलं की वर्षानुवर्षं ती मला जे उत्तर देत आली होती, तेच मी तिला दिलं. "इन्शाल्ला," म्हटलं, आणि हाक न मारता तिथं उभी राहिले.